चढावर कार्गो बाईक मान टाकते आणि डिस्प्लेवर बॅटरी ४० टक्के: काय काय तपासायचं

ज्यांच्याकडे डिलिव्हरीला किंवा कार्यक्रमांचं सामान हलवायला इलेक्ट्रिक कार्गो बाईक आहे त्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. सकाळी गाडी मस्त पळते, दोन फेऱ्या होतात, तिसऱ्या फेरीला पेटीत सत्तर-ऐंशी किलो सामान आणि समोर चढ, आणि चढाच्या बरोबर मध्यावर मोटर बंद. डिस्प्ले चालू, पुढचा दिवा चालू, बॅटरी ४० टक्के, पण पायाखाली नुसती जड सायकल. बंद करून परत चालू केली की ओढते, पन्नास-शंभर मीटरवर परत तेच. सपाटीला आलात की जणू काही झालंच नाही. दुरुस्तीला नेली तर तिथे रिकामी गाडी सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून बघतात आणि सांगतात काही प्रॉब्लेम नाही.

आमच्या तीन गाड्यांपैकी एकीला हे जवळपास तीन महिने होत होतं. जिथे दाखवली तिथे बॅटरी संपली म्हणाले, नवी घ्या. घेतली. पाच आठवडे गाडी छान चालली आणि मग त्याच चढावर, त्याच लोडला, परत बंद. दुखणं म्हशीला नि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. आणि यात नुसता बॅटरीचा खर्च नाही, एका कार्यक्रमाच्या दिवशी साउंडच्या केबलची पेटी चढावर अडकली आणि आमच्या पोराने ती गाडी उतरून ढकलत वर नेली, भरलेली कार्गो बाईक चढावर ढकलणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल, हात सुटला तर गाडी मागे येते आणि मागे माणसं असतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, डिस्प्लेवरचे टक्के विसरा. बऱ्याच साध्या कंट्रोलरमध्ये (बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी डबी) ते टक्के म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजवरून काढलेला अंदाज असतो, आणि व्होल्टेज गाडी उभी असताना वेगळं आणि चढावर ओढताना वेगळं. आपली ४८ व्होल्टची म्हणतो ती बॅटरी बहुतेक वेळा सेलच्या १३ ग्रुपची माळ असते, प्रत्येक ग्रुप फुल चार्जला ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ५४.६. वापरून वापरून ४० टक्क्यांच्या आसपास आली की उभ्या गाडीला ती ४७-४८ दाखवते. कंट्रोलरला एक खालची मर्यादा दिलेली असते, बॅटरी पार मरू नये म्हणून, आमच्या कंट्रोलरला ती ४२ व्होल्ट आहे. व्होल्टेज त्याखाली गेलं की कंट्रोलर मोटर तोडतो. मोटर तुटली की लोड गेला, लोड गेला की व्होल्टेज लगेच वर, म्हणून डिस्प्लेला परत ४० टक्के दिसतात आणि आपण बघत बसतो की एवढी बॅटरी असताना बंद का पडली.

आता चढावर किती करंट लागतो ते बघा, हे गणित मी एकदा कागदावर केलं आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गाडी, चालवणारा आणि सामान मिळून २०० किलो धरा. सपाट रस्त्यावर २० च्या स्पीडने, पॅडल मारत असाल तर, मोटरला ३-४ अँपिअर पुरतात. तेच ८ टक्क्यांचा चढ, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर, आणि स्पीड ताशी १२ किलोमीटर, तर नुसतं वजन वर उचलायला ५२० वॅटच्या वर लागतात, टायरचं घर्षण धरून ५९० च्या आसपास. चालवणारा त्यातले १०० वॅट देतो असं धरलं तरी बाकीचे मोटरकडून, आणि हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसवलेली मोटर, इतक्या कमी स्पीडला बरीचशी वीज उष्णतेत घालवते, म्हणून बॅटरीतून साडेसातशे वॅट ओढले जातात. म्हणजे १७ अँपिअर. सपाटीच्या पाचपट. वायरिंगमध्ये कुठेही थोडा जरी रोध असेल तरी सपाटीला तो अर्धा-पाऊण व्होल्ट खातो आणि कोणाला कळत नाही, चढावर तोच तीन-साडेतीन व्होल्ट खातो आणि गाडी बंद पडते. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर फॉल्ट का सापडत नाही त्याचं उत्तर हेच.

तर तपासायचं कसं. आधी बंद पडताना नेमकं काय होतं ते नीट बघा, घाईघाईत रीस्टार्ट करू नका. डिस्प्ले चालू राहून फक्त मोटर गेली तर कंट्रोलरने तोडलीय, व्होल्टेज किंवा उष्णता किंवा ब्रेकचा स्विच यातलं काहीतरी. डिस्प्लेच काळा झाला, दिवा पण गेला, तर बॅटरीच्या आतल्या बीएमएसने (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) सप्लाय तोडलाय किंवा कुठेतरी कनेक्शन पूर्ण सुटतंय. स्पीड ब्रेकरवरून उडाल्यावर किंवा खड्ड्यात आपटल्यावर जात असेल आणि चढाशी संबंध नसेल तर सरळ ढिल्या कनेक्शनकडे जा. आणि लगेच रीस्टार्ट केलं तरी येत नाही, दहा-पंधरा मिनिटं सावलीत उभी केल्यावर येते असं असेल तर ती उष्णता आहे, व्होल्टेज नाही. एवढं चालवणाऱ्याला विचारलं तरी अर्धं काम होतं, पण चालवणारा बिचारा त्या वेळी गाडी सांभाळत असतो, त्याला "बंद पडली" एवढंच आठवतं, म्हणून आम्ही त्यांना सांगून ठेवलंय की पडली की आधी डिस्प्लेचा फोटो काढा मग बाकीचं.

आमच्याकडे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आहेत म्हणून अदलाबदल करता आली, आणि तुमच्याकडे तशी सोय असेल तर मल्टीमीटर काढायच्या आधी हेच करा. संशय असलेली बॅटरी चांगल्या गाडीला, चांगल्या गाडीची बॅटरी संशयी गाडीला, लोड तोच, चढ तोच, चार्ज साधारण तेवढाच. बिघाड बॅटरीबरोबर गेला तर बॅटरी, गाडीवरच राहिला तर गाडी. आम्ही "संपलेली" म्हणून बाजूला ठेवलेली जुनी बॅटरी दुसऱ्या गाडीला लावली आणि ती तोच चढ आरामात चढली. तेव्हाच कळलं की तीन महिने चुकीच्या जागी शोधत होतो. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, वीस मिनिटांचं काम.

मग मोजमाप. काही डिस्प्लेमध्ये सेटिंगला जाऊन टक्क्यांऐवजी व्होल्ट दाखवता येतात, असेल तर तेवढं करा आणि चढताना आकडा किती खाली जातो बघा. पण तो आकडा कंट्रोलरच्या बाजूचा असतो, बॅटरीच्या तोंडाशी किती आहे ते कळायला मल्टीमीटर लागतो. ज्यात मिन-मॅक्स बटण आहे असा घ्या, म्हणजे सगळ्यात खाली गेलेला आकडा तो धरून ठेवतो, नाहीतर तो क्षण डोळ्याने पकडता येत नाही. आम्ही बॅटरीच्या बाजूने आणि कंट्रोलरच्या बाजूने दोन-दोन बारीक वायरी बाहेर काढल्या, प्रत्येकीला प्लसच्या टोकाला छोटा फ्यूज, टोकं इन्सुलेशन टेपने नीट वेगळी वेगळी बांधून, आणि मीटर पेटीच्या झाकणावर पट्ट्याने आवळला. फ्यूज नक्की टाका हं, लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, वायर लाल व्हायला सेकंद पुरतो. हे जमणार नसेल किंवा हात थरथरत असेल तर जाणकार माणसाकडून करून घ्या पण लोड टाकून चढावरच करायला लावा, त्याशिवाय उपयोग नाही.

आमचे आकडे असे आले. गाडी उभी असताना दोन्हीकडे ४७.६. चढावर फुल असिस्टला, म्हणजे मोटरची मदत पूर्ण वाढवून, कंट्रोलरची मर्यादा १८ अँपिअर आहे ती लागल्यावर, बॅटरीच्या बाजूला ४५.२. म्हणजे नवी बॅटरी एकदम निरोगी, एवढ्या करंटला दोन-अडीच व्होल्ट पडणारच. आणि कंट्रोलरच्या बाजूला ४१.८. मधे फक्त बॅटरी जिथे बसते तो खालचा पाळणा, त्याच्या दोन पिना आणि हातभर वायर, आणि तेवढ्यात ३.४ व्होल्ट गायब! ३.४ गुणिले १८ म्हणजे ६१ वॅट. सोल्डरिंग आयर्न असतं साधारण तेवढ्याच वॅटचं. म्हणजे प्रत्येक चढाला त्या पिनेच्या जागी एक सोल्डरिंग आयर्न पेटत होतं.

पाळणा उघडला तेव्हा दिसलंच. मायनसची पिन चकचकीत होती, प्लसच्या पिनेचं टोक काळं निळं पडलेलं, त्यावर बारीक बारीक खड्डे, देवी आल्यासारखे, आणि भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूला खाली बसलेलं. बॅटरीच्या बाजूची जी चिमटी त्या पिनेला धरते तिची पकड गेली होती, पिन नुसती आत-बाहेर सरकत होती. वास पण येत होता, जळक्या प्लास्टिकचा, आणि खरं सांगायचं तर तो वास आमच्या एका चालवणाऱ्याने महिनाभर आधी सांगितला होता, आम्ही तो ब्रेकचा असेल म्हणून सोडून दिला. वास आला म्हणून कोणी सांगितलं तर त्याच दिवशी गाडी उघडा.

हे खड्डे कशाने पडतात ते समजून घेतलं तर परत होणार नाही. कंट्रोलरमध्ये वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असतात, बॅटरी चालू असताना ती पाळण्यात सरकवली की ते रिकामे कपॅसिटर एका झटक्यात भरतात आणि पिन टेकायच्या क्षणी ठिणगी उडते. घरगुती वापरात बॅटरी आठवड्यातून एक-दोनदा निघते, त्यामुळे जाणवत नाही. डिलिव्हरीत दिवसाला दोन-तीन वेळा स्वॅप, कार्यक्रमाच्या दिवशी त्याहून जास्त, आणि सगळे घाईत, बॅटरीचं बटण बंद न करता ओढायची आणि दुसरी खटकन बसवायची. प्रत्येक ठिणगी थोडं धातू खाते, खड्ड्यामुळे टेकायची जागा कमी, जागा कमी म्हणून गरम, गरम झाल्यावर चिमटीचा ताण जातो, ताण गेला की अजून गरम. एकदा सुरू झालं की वेगाने वाढतं. नवी बॅटरी टाकल्यावर पाच आठवडे बरं वाटलं त्याचं कारण एवढंच की नव्या बॅटरीचं व्होल्टेज लोडखाली कमी घसरतं, त्यामुळे दीड-दोन व्होल्टची सवलत मिळाली, आणि पिन तेवढ्यात ती सवलत पण खाऊन बसली.

दुरुस्ती म्हणून आधी आम्ही पॉलिश पेपरने पिन घासली होती, ते करू नका. वरचा मुलामा निघतो, खालचं पितळ उघडं पडतं आणि दोन पावसात परत काळं. हलकी काजळी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि कापड पुरतं, पण खड्डे पडलेत किंवा प्लास्टिक बसलंय तर पाळण्याचा तो कनेक्टर आणि बॅटरीच्या बाजूची चिमटी दोन्ही बदलायला हव्यात, एक बदलून उपयोग नाही कारण ढिली चिमटी नव्या पिनेला पण जाळते. बॅटरीच्या बाजूचं काम बॅटरी दुरुस्त करणाऱ्याकडूनच, आत सेल जिवंत असतात. पाळण्याच्या तळाला रबराची पातळ पट्टी चिकटवली, त्यामुळे बॅटरी खडखडत नाही, सततच्या हादऱ्याने पण चिमटी ढिली होते. आणि नियम केला: आधी बॅटरीचं बटण बंद, मग काढा, नवी बसवून कुलूप लावा, मग बटण चालू. काही बॅटरींना असं बटण नसतं, तिथे ठिणगी रोखणारा कनेक्टर मिळतो, आत छोटा रेझिस्टर असतो, कपॅसिटर हळू भरतात. त्यानंतर त्याच चढावर कंट्रोलरच्या बाजूला ४५.० आले.

आता समजा अदलाबदलीत बिघाड बॅटरीबरोबर गेला. तरी लगेच नवी नको. बॅटरी जुनी झाली की आतला रोध वाढतो, थंडीत तर अजून वाढतो, म्हणून फक्त थंड सकाळी बंद पडत असेल तर रात्री बॅटरी घरात ठेवून बघा. दुसरं, आणि हे डिलिव्हरीवाल्यांत फार दिसतं, सेलचे ग्रुप एकमेकांच्या मागे-पुढे होतात. बारा ग्रुप ३.५ ला आणि एक २.९ ला, एकूण बेरीज चांगली दिसते पण बीएमएस प्रत्येक ग्रुप वेगळा बघतो, लोड आला की तो एक ग्रुप मर्यादेखाली जातो आणि सगळी बॅटरी बंद, डिस्प्ले काळा. बऱ्याच बीएमएस ग्रुप सारखे करायचं काम फक्त चार्जिंगच्या अगदी शेवटी करतात, आणि आपण तर घाईत ८०-९० टक्क्यांला काढून पळतो, दिवसेंदिवस. आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज होऊ द्या आणि चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावर पण दोन-तीन तास राहू द्या, अर्थात कोणीतरी जागं आणि जवळ असताना, रात्रभर बाहेर जायच्या दारापाशी लावून नाही. अशा तीन-चार चार्जिंगनंतर फरक पडला तर बॅटरी वाचली. नाही पडला तर तो ग्रुपच खराब आहे. चढावरून तापून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आणि शून्य डिग्रीच्या खाली तर अजिबात नाही, लिथियम सेल कायमचे खराब होतात.

उष्णतेचं थोडं वेगळं आहे. हब मोटरला गिअर लागत नाहीत, मागचा गिअर हलका केला तर तुमच्या पायाला सोपं जातं पण मोटरचा स्पीड चाकाच्याच स्पीडवर ठरतो, आणि लांब चढावर ताशी सात-आठ किलोमीटरवर घुसमटते, वीज जाते पण बरीचशी गरमीत. कार्यक्रमाच्या ठिकाणी तर गर्दीतून चालायच्या स्पीडने तासन् तास थांब-चल थांब-चल, ते मोटरला चढाइतकंच वाईट. मधल्या, म्हणजे पॅडलपाशी बसवलेल्या मोटरची गाडी असेल तर उलट आहे, तिथे गिअर सगळं ठरवतो, थांबायच्या आधी हलका गिअर टाकून ठेवा, जड गिअरवर ऐंशी किलो घेऊन उचलायला गेलात तर मोटर तापते आणि चेन-स्प्रॉकेट पण जातं. हब मोटर कायम तापत असेल तर तो मार्ग त्या गाडीचा नाही, एवढंच.

ब्रेकचा स्विच मात्र कोणी बघत नाही. ब्रेक लिव्हर दाबला की मोटर तोडणारा छोटा सेन्सर असतो, लिव्हर धुळीने किंवा केबल अडकल्याने पूर्ण परत येत नसेल तर हादऱ्याला तो लागतो आणि मोटर जाते. तपासायला दोन्ही सेन्सरचे प्लग तात्पुरते काढा, ब्रेक लागतातच, फक्त मोटर तोडणं बंद होतं, मोकळ्या जागेत फिरवून बघा आणि परत लावा. स्पीड सेन्सरचं लोहचुंबक पण स्पोकवर सरकतं, लोडने चाक थोडं वाकलं की अंतर वाढतं, त्याला बहुतेक वेळा एरर कोड येतो म्हणून लवकर सापडतं. आणि चाक उचलून हाताने फिरवा, डिस्क पॅडला घासत असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल तर मोटर दिवसभर फुकटचा लोड ओढतेय.

एक गोष्ट फक्त कार्यक्रमवाल्यांसाठी. गाडीच्या बॅटरीवर स्पीकर, दिवे लावायचा मोह होतो, अडॅप्टर असतो, सोपं वाटतं. ४८ व्होल्ट १५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ७२० वॅट-अवर. ६० वॅटचा स्पीकर चार तास चालला की २४०, म्हणजे एक तृतीयांश बॅटरी जागेवर उभी राहून संपली, आणि मग रात्री सगळं सामान घेऊन परतीचा चढ, थंड हवेत, अर्ध्या बॅटरीवर. बंद पडणारच. स्टॉलला वेगळी बॅटरी ठेवा.

दुरुस्ती होईपर्यंत काम थांबवता येत नाही हे माहितेय. तोवर दोन गोष्टी करा, दोन्ही आम्ही केल्या. एक, मार्ग उलटा करा, चढावरच्या डिलिव्हरी बॅटरी फुल असताना सकाळी आणि सपाटीच्या नंतर. दोन, चढ सुरू व्हायच्या आधी असिस्ट कमी करा. मनाला पटत नाही, चढाला तर जास्त पाहिजे असं वाटतं, पण ५ वरून ३ वर आणलं की करंट १८ वरून ११-१२ वर येतो आणि व्होल्टेज मर्यादेच्या वर राहतं. हळू जाल, पाय दुखतील, पण वर पोचाल. आमच्या चालवणाऱ्यांनी चार दिवसांत सवय करून घेतली. पिन जळलेली दिसत असेल, प्लास्टिक वितळलेलं असेल, तर मात्र हे पण नको, ती गाडी उभी करा.

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक गाडी त्याच चढावर, पेटीत त्याच दोन वाळूच्या गोण्या, उभ्या गाडीला साधारण ४७-४८ असताना चढवतो आणि कंट्रोलरच्या बाजूचा सगळ्यात खालचा आकडा पाळण्याजवळ पांढऱ्या टेपवर तारीख टाकून लिहितो. त्या गाडीच्या टेपवर ४५.०, मग ४४.८, आणि काल ४४.३ आलंय. बटण बंद न करता कोणीतरी स्वॅप करतंय असं दिसतंय. आज संध्याकाळी पाळणा उघडतोय.